स्थळरेखाटन

दैनंदिन जीवनातील दृश्ये प्रत्यक्ष समोर पाहत, जागेवरच, थोड्या वेळात व मोजक्या साधनांनिशी कागदावर उतरविण्याची रेखनपद्धती. आठवडी बाजार, नदीवरचा घाट, एस. टी. स्थानक, चहाचे दुकान, बागेतील बाकावर विसावलेली माणसे, मैदानावरील खेळ, चौपाटीवरील गर्दी, गावची जत्रा हे तिचे नेहमीचे विषय होत. व्यावसायिक चित्रकार अशी रेखाटने बहुधा पुढील मोठ्या चित्राची पूर्वतयारी म्हणून करतो. छंद म्हणून रेखाटणाऱ्याला मात्र वहीतील पान हेच पुरेसे फळ असते. त्यासाठी चित्रशाळेतील दीर्घ शिक्षणाची अट नाही. पेन्सिल, वही आणि तासाभराची फुरसत एवढ्यावर कोणत्याही वयात हा छंद सुरू करता येतो.

स्वरूप : स्थळरेखाटनाची तीन लक्षणे सांगता येतात. पहिले, विषय डोळ्यांसमोर असावा लागतो. छायाचित्रावरून केलेली प्रतिकृती या प्रकारात मोडत नाही. दुसरे, वेळ मर्यादित असतो. ओझे उतरवणारा हमाल काही क्षणांत दृष्टिआड होतो, ऊन सरकते, बाजार उठतो. तिसरे लक्षण या दोहोंतून निघते, ते म्हणजे निवड. जे दिसते ते सर्व काढणे अशक्य असल्यामुळे काय घ्यावे व काय गाळावे, हे रेखाटणाऱ्याला ठरवावे लागते. रेखाटनाचे व्यक्तित्व या निवडीतूनच प्रकट होते.

या छंदाचा खरा कस हाताच्या सफाईपेक्षा पाहण्यात लागतो. नवशिका मनुष्य पुष्कळदा दिसणारे न काढता माहीत असलेले काढतो. भाजीवालीच्या टोपलीचे तोंड गोल असते व तिचा तळ सपाट असतो, हे ज्ञात असल्यामुळे तो तोंड पूर्ण वर्तुळाकार आणि तळ सरळ रेषेत दाखवितो. प्रत्यक्षात, उभ्याने पाहणाऱ्यास टोपलीचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते आणि तळाची कडाही वक्र, किंबहुना तोंडापेक्षा अधिक वक्र दिसते, कारण तो डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असतो. हीच गोष्ट माणसांची. डोळा म्हणजे बदाम, झाड म्हणजे खोड व त्यावर ढग, घर म्हणजे त्रिकोणी छपराची चौकट, अशी चिन्हे लहानपणापासून हातात बसलेली असतात. समोरच्या वस्तूशी ताडून ही चिन्हे एकेक करून मोडणे, हेच स्थळरेखाटनाचे मुख्य शिक्षण होय.

ऐतिहासिक आढावा : रोजच्या व्यवहारातील माणसे टिपून ठेवण्याची प्रथा प्रबोधनकालीन यूरोपात स्पष्टपणे आढळते. लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) याने चित्रकारांना जवळ लहानशी वही बाळगण्याचा आणि बोलणाऱ्या, भांडणाऱ्या, हसणाऱ्या माणसांच्या हालचाली तिच्यात टिपण्याचा उपदेश केला होता. शेतकरी, भिकारी, प्रवासी यांची ‘प्रत्यक्षावरून’ अशी नोंद असलेली सु. ऐंशी रेखाटने दीर्घकाळ पीटर ब्रगेल (थोरला) याच्या नावावर होती. ती रूलांट साव्हेरी (१५७६–१६३९) या चित्रकाराची असल्याचे १९७० मध्ये दाखवून देण्यात आले. रेम्ब्रँट (१६०६–६९) याने बोरू व तपकिरी शाईने केलेल्या रेखाटनांत चालायला शिकणारे मूल आणि त्याला आधार देणाऱ्या स्त्रिया यांसारखे घरगुती प्रसंग अवघ्या काही रेषांत उतरले आहेत.

जपानमध्ये कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याच्या रेखाटनांचे ‘मांगा’ या नावाने १८१४ पासून एकूण पंधरा खंड प्रसिद्ध झाले. त्यांपैकी शेवटचे त्याच्या मृत्यूनंतर निघाले. स्नान करणारे, कुस्ती खेळणारे, वाऱ्यात छत्री सावरणारे, ओझी वाहणारे लोक त्यांत शेकड्यांनी आहेत. लाकडी ठशांवरून छापलेली ही पुस्तके सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली व चित्रे काढू इच्छिणाऱ्यांना नमुन्यादाखल उपयोगी पडली.

छंद या नात्याने रेखाटनाचा प्रसार प्रामुख्याने अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये झाला. विल्यम गिल्पिन (१७२४–१८०४) याने वाय नदीच्या परिसरावर १७८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथामुळे रमणीय स्थळे शोधत हिंडण्याची व ती रेखाटण्याची आवड सुखवस्तू वर्गात रुजली. याच सुमारास रेखाटन हे लष्करी शिक्षणाचेही अंग होते. छायाचित्रणापूर्वीच्या त्या काळात भूप्रदेशाची अचूक नोंद करण्यास दुसरे साधन नसल्यामुळे वुलिच येथील लष्करी विद्यालयात पॉल सँडबी (१७३१–१८०९) याच्यासारखा नामांकित जलरंगचित्रकार रेखनशिक्षक म्हणून नेमलेला होता. साधनांतील सुधारणांनीही या छंदाला हातभार लावला. फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते याने १७९५ मध्ये ग्रॅफाइटची भुकटी व चिकणमाती यांच्या मिश्रणापासून पेन्सिल तयार करण्याचे एकस्व घेतले. या मिश्रणाचे प्रमाण बदलून कमीअधिक कठीण पेन्सिली बनविता येऊ लागल्या. १८३५ च्या सुमारास ओलसर जलरंगांच्या वड्या बाजारात आल्यामुळे रंग घासत बसण्याचा त्रास वाचला आणि रंगपेटी खिशात मावू लागली.

जॉन रस्किन (१८१९–१९००) याने १८५४ पासून लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कामगारांना रेखन शिकविले आणि १८५७ मध्ये ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तक लिहिले. चित्रकार घडविणे हा त्याचा हेतू नव्हता. मनुष्याला नीट पाहता यावे, हा होता. छंद म्हणून रेखाटन करण्याच्या समर्थनाचा पाया रस्किनच्या या भूमिकेत आहे.

एकोणिसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गाला सुट्टीचा दिवस व रेल्वेचा प्रवास लाभला आणि मोकळ्या हवेतील विरंगुळा हाच चित्राचा विषय झाला. मोने व रन्वार यांनी १८६९ मध्ये सीन नदीकाठच्या ला ग्रनुयेर या जलविहारस्थळी शेजारी-शेजारी बसून तीच दृश्ये रंगविली. झॉर्झ सरा (१८५९–९१) याने ग्रांद झात बेटावरील रविवारच्या गर्दीचे आपले भव्य चित्र (१८८४–८६) रंगविण्यापूर्वी तेथे वारंवार जाऊन लहानलहान लाकडी फळ्यांवर व कागदावर अनेक अभ्यासचित्रे केली. त्या चित्रातील मूर्तिवत स्तब्धतेमागे जागेवर केलेले हे दीर्घ निरीक्षण आहे.

भारतातील परंपरा : भारतीय लघुचित्रकारांकडेही रेखाटनाचे निकट निरीक्षण होते. पहाडी चित्रकार नैनसुख (सु. १७१०–७८) याने जसरोटाचा बलवंतसिंह दाढी कातरून घेताना किंवा लिहीत बसलेला असताना चितारला. दरबारी थाटाऐवजी खाजगी क्षण टिपण्याची ही दृष्टी तत्कालीन चित्रकलेत दुर्मिळ होती. पुण्यात सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील असताना त्याच्या आश्रयाने गंगाराम तांबट या चित्रकाराने प्रत्यक्षावरून रेखाटने केली. पेशव्यांच्या पशुसंग्रहातील गेंड्याचे त्याचे १७९० मधील चित्र आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटने प्रसिद्ध आहेत.

थॉमस व विल्यम डॅन्येल यांनी १७८६ ते १७९४ या काळात भारतभर प्रवास करून केलेली दृश्यचित्रे आणि रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले याने पश्चिम भारतातील स्थळांविषयी १८२६ पासून प्रसिद्ध केलेला चित्रसंग्रह हे इंग्रजी प्रवासी-रेखाटनाचे नमुने होत. त्यांत वास्तू व निसर्ग यांना प्राधान्य असून माणसे बहुधा दृश्याला शोभा आणण्यापुरती येतात. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) १८६५ ते १८७५ या काळात अध्यापन करणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग याने १८७० नंतर उत्तर भारतातील कारागिरांची कामात मग्न असताना केलेली रेखाटने याहून वेगळी आहेत. विणकर, लाकूड कोरणारे, ठसे कापणारे यांचे हात, अवजारे व बसण्याची ढब हाच त्यांचा विषय आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता, दैनंदिन जीवनाच्या रेखाटनात महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे कार्य सर्वांत मोठे मानावे लागेल. मूळचे कोल्हापूरचे असलेल्या धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यांवरील नाना जातिधर्मांची माणसे, त्यांचे पोशाख, पागोटी, लुगडी नेसण्याच्या तऱ्हा व डोक्यावरील ओझी यांचा अखंड अभ्यास केला. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) या पुस्तकातील त्यांची चित्रे, तसेच मुंबईच्या जीवनावरील चित्र-पोस्टकार्डे लोकप्रिय झाली. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक होय. त्या काळच्या वेशभूषेचा व चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्याला धुरंधरांची रेखाटने आज आधारसामग्री म्हणून वापरता येतात.

बंगालमध्ये नंदलाल बसू (१८८२–१९६६) यांनी शांतिनिकेतनात निसर्गाच्या व जीवनाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. लहान कार्डांवर प्रवासातील दृश्ये टिपून ती विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना टपालाने धाडण्याची त्यांची सवय होती. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी केलेल्या भित्तिफलकांतील ढोलकी वाजविणारे, दळण करणाऱ्या स्त्रिया, कुंभार, शिंपी ही मंडळी अशाच निरीक्षणातून आली. गोव्याच्या संदर्भात मारिओ मिरांदा (१९२६–२०११) यांचे नाव अपरिहार्य आहे. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या मिरांदा यांनी तरुणपणी दैनंदिनीतच गावातील लग्ने, चर्चमधील मेळावे, पाहुणे व शेजारी रोज चितारले. १९५० च्या आसपासच्या या दैनंदिन्या पुढे प्रकाशित झाल्या. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळातील गोमंतकीय ग्रामजीवन त्यांत सापडते. निव्वळ आवडीपोटी भरलेली वही कालांतराने सामाजिक दस्तऐवज कशी होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थ्यांना या विषयाची तोंडओळख शासकीय रेखाकला परीक्षांतून होते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांत स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका असते व तीत बाजार, सण, खेळ यांसारखे प्रसंग काढावयाचे असतात. या परीक्षांनी चित्रकलेची गोडी घरोघर पोहोचविली. तथापि, स्मरणचित्र काढण्यासाठी आधी स्मरणात काही साठवावे लागते. बाजार न पाहताच बाजाराचे पाठ केलेले चित्र काढण्याची सवय लागल्यास परीक्षेचा मूळ हेतू साधत नाही. आठवड्यातून एकदा वही घेऊन खऱ्या बाजारात बसणे, हा त्यावरील सोपा उपाय होय.

साधने : स्थळरेखाटनाची साधने हलकी, थोडी व भरवशाची असावीत. वही हातावर तोलता येईल एवढी व जाड पुठ्ठ्याची हवी. पेन्सिल वा पेनच्या कामास दर चौ. मी.ला १५० ते २०० ग्रॅम वजनाचा कागद पुरतो. जलरंगांचे हात द्यावयाचे असल्यास सु. ३०० ग्रॅमचा जाड कागद घ्यावा, म्हणजे तो ओला झाल्यावर फुगत नाही. पेन्सिलींपैकी एचबी, २बी व ४बी पुरेशा असतात. अनेक अनुभवी छंदी पेन्सिलीऐवजी पेन पसंत करतात, कारण पुसता येत नाही म्हटले की रेषा काढण्यापूर्वी पाहणे भाग पडते. पेनमधील शाई पाण्याने न विरघळणारी असल्यास तिच्यावर रंग देता येतो. विरघळणारी असल्यास ओल्या कुंचल्याने तीच पसरवून छाया दाखविता येते. चार-सहा जलरंग, एक मध्यम जाडीचा गोल कुंचला, पाण्याची लहान बाटली आणि फडके एवढ्याने रंगाची सोय होते. उन्हाळ्यात रंग झटपट सुकत असल्याने मोठे हात एका दमात द्यावे लागतात. पावसाळ्यात उलट ते सुकण्याची वाट पाहावी लागते. पान उन्हात धरू नये. पांढऱ्या कागदाच्या चकाकीने डोळे दिपतात व छटांचा अंदाज चुकतो.

तंत्र : बैठक ठरविणे ही पहिली पायरी. पाठीमागे भिंत वा झाड असलेली, सावलीची आणि रहदारीला अडथळा न होणारी जागा निवडावी. नंतर दृश्याची चौकट मनाशी आखून प्रथम डोळ्यांची पातळी, म्हणजेच क्षितिजरेषा निश्चित करावी. गर्दीच्या चित्रात या एका रेषेने मोठे काम होते. रेखाटणारा सपाट जागी उभा असेल, तर त्याच्याच उंचीच्या जवळच्या व दूरच्या सर्व उभ्या माणसांची डोकी या रेषेवर येतात; फक्त पाय कमीअधिक खाली दिसतात. तो जमिनीवर मांडी घालून बसला असेल, तर तीच रेषा जवळच्या व दूरच्या माणसांच्या साधारण कमरेच्या आसपास एकाच ठिकाणाहून जाते. हे लक्षात न घेतल्यास दूरची माणसे हवेत तरंगल्यासारखी किंवा खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसतात. प्रमाणे मोजण्यासाठी हात ताठ ठेवून पेन्सिल डोळ्यांसमोर धरण्याची जुनी रीत उपयोगी आहे. प्रत्येक वेळी हात तेवढाच लांब राहील, एवढे पथ्य मात्र पाळावे.

हलत्या माणसांसाठी दोन प्रकारचा सराव सुचविला जातो. अमेरिकन कलाशिक्षक किमॉन निकोलाइडीस याच्या १९४१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने हे दोन्ही प्रकार रूढ केले. एक ‘आवेगरेखन’ : त्यात अवयवांच्या तपशिलाकडे न जाता अर्ध्या-एका मिनिटात संपूर्ण शरीराचा झोक पकडावयाचा. दुसरा ‘कडारेखन’ : त्यात डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवीत, कागदाकडे न पाहता, तितक्याच संथपणे रेषा काढावयाची. पहिल्याने धीटपणा येतो, दुसऱ्याने एकाग्रता. उभ्या आकृतीचा तोल साधण्यासाठी गळ्याच्या खळगीतून एक लंबरेषा कल्पावी. मनुष्य एकाच पायावर भार देऊन उभा असल्यास ती रेषा त्या पावलाजवळ उतरते.

माणूस अर्ध्यातच उठून गेला, तर चित्र वाया जाते असे नाही. बहुतेक कामे आवर्तनात चालतात. भेळ कालवणारा, इस्त्री करणारा, फलंदाजाकडे धावत जाणारा गोलंदाज पुनःपुन्हा त्याच अवस्थेत येतो. म्हणून एकाच पानावर तीन-चार अवस्था अपुऱ्या सुरू कराव्यात आणि ज्या क्षणी जी अवस्था परत येईल, त्या क्षणी ती पुढे न्यावी. छायेचे तसे नाही. सूर्य दर तासाला १५ अंशांनी सरकतो. त्यामुळे छायेच्या सीमा सुरुवातीलाच आखून घ्याव्यात व मागाहून त्या बदलू नयेत. पानाच्या कोपऱ्यात स्थळ, दिनांक व वेळ लिहिण्याची सवय लावून घ्यावी. रेखाटनाला नोंदीचे मोल तिनेच येते.

शिष्टाचार : कॅमेऱ्यापेक्षा वहीला लोक कमी बुजतात, तरीही कोणी नापसंती दर्शविल्यास चित्र थांबवावे. शोक, आजारपण, स्नान अशा प्रसंगी व्यक्तींचे रेखाटन टाळावे. लष्करी ठाणी, विमानतळ, धरणे यांसारख्या संरक्षित जागी आणि देवस्थानांच्या आवारात आधी परवानगी विचारावी. पाठीमागे जमणाऱ्या बघ्यांची भीती नवशिक्यांना फार वाटते. ती थोड्याच दिवसांत नाहीशी होते, आणि अनेकदा हेच बघे स्थळाची माहिती पुरवितात.

समूहरूप : एकविसाव्या शतकात या छंदाला संघटित रूप आले. अमेरिकेतील सिॲटल येथील पत्रकार व चित्रकार गॅब्रिएल कांपानारियो याने २००७ मध्ये आंतरजालावर सुरू केलेल्या गटातून ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ वाढली. २००९ मध्ये तिला ना-नफा संस्थेचे स्वरूप आले व २०१० मध्ये पोर्टलंड येथे तिचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. प्रत्यक्ष जागेवर पाहून काढणे व दृश्याशी प्रामाणिक राहणे, ही तिची प्रमुख सूत्रे आहेत. मुंबई व पुणे येथेही या चळवळीचे गट असून सदस्य एकत्र जमून एखादी पेठ, वाडा वा मंडई रेखाटतात आणि शेवटी वह्या एकमेकांना दाखवितात.

महत्त्व : भ्रमणध्वनीमुळे छायाचित्र घेणे क्षणाचे काम झाले असताना रेखाटनाची गरज काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. मानसशास्त्रीय प्रयोगांतून त्याचे अंशतः उत्तर मिळते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, शब्द लिहून काढण्यापेक्षा त्यांची चित्रे काढल्यास ते अधिक स्मरणात राहतात, असे आढळले. चित्रे चांगली असणे आवश्यक नव्हते. लिंडा हेन्केल हिच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संग्रहालयातील ज्या वस्तूंची छायाचित्रे घेतली, त्यांचा तपशील केवळ पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवला. मात्र एखाद्या भागावर भिंग रोखून छायाचित्र घेतले असता ही घट दिसली नाही. म्हणजे प्रश्न साधनाचा नसून अवधानाचा आहे, आणि रेखाटनात अवधान टाळताच येत नाही.

दुसरे मोल सामाजिक आहे. राजवाडे, मंदिरे व पुतळे यांची नोंद होतच असते. परंतु कल्हई लावणाऱ्याची भाता धरण्याची रीत, वाड्याच्या ओट्यावरील दुपारची बैठक, टांग्याच्या तळावरील घोड्याची पाण्याची बादली या गोष्टी फारशा कोणाला नोंद घेण्याजोग्या वाटत नाहीत व म्हणून त्या मागमूस न ठेवता नाहीशा होतात. गाव व शहर बदलत असताना त्यांचे नित्याचे रूप जपून ठेवण्याचे काम दिनांक घातलेली एखादी साधी वही करू शकते. ती भरणाऱ्याची रेषा कच्ची असली, तरी बिघडत नाही. त्याने समोर बसून पाहिलेले असावे, एवढीच अपेक्षा असते.